सॅटचा आकडा अर्जात दाखवायचा की झाकायचा?

दरवर्षी पावसाळ्यात असा एक तरी फोन येतो. मुलगा किंवा मुलगी नुकती बारावीत गेलेली असते, पदवीला अमेरिकेत जायचं असतं आणि आई विचारते, "अहो, आमचा पुतण्या म्हणतोय सॅटच्या सब्जेक्ट टेस्ट द्यायला हव्यात. गणित लेव्हल टू आणि फिजिक्स. क्लास कुठला लावायचा?" पुतण्या २०१५च्या आसपास अमेरिकेला गेलेला असतो. त्याचा सल्ला त्याच्या काळापुरता अगदी बरोबर असतो. एकेका विषयाची एक तासाची परीक्षा, २०० ते ८०० गुण, आणि इंजिनिअरिंगला जाणाऱ्या भारतीय मुलाने गणितात ८०० आणले नाहीत तर घरात सुतक.

पण ती परीक्षाच आता राहिलेली नाही. कॉलेज बोर्डाने, म्हणजे सॅट घेणाऱ्या अमेरिकी संस्थेने, जानेवारी २०२१मध्ये सब्जेक्ट टेस्ट बंद केल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत त्या लगेच थांबल्या, बाहेरच्या देशांत मे आणि जून २०२१मध्ये शेवटच्या झाल्या. तेव्हा पुतण्याचे आभार मानून तो विषय मिटवावा.

त्या परीक्षेमागचा प्रश्न मात्र गेलेला नाही, उलट मोठा झालाय. पूर्वी तो फक्त सब्जेक्ट टेस्टपुरता होता: कॉलेज 'शिफारस करतो' म्हणतंय, मग ७१० द्यायचे की गप्प बसायचं? आता तोच प्रश्न थेट सॅट आणि एसीटी या अमेरिकी कॉलेजप्रवेशाच्या मुख्य परीक्षांबद्दल आहे, आणि विषयवार परीक्षांची जागा घेतलेल्या एपी परीक्षांबद्दलही आहे. बऱ्याच अमेरिकी कॉलेजांत गुण देणं ऐच्छिक आहे. हातात सॅटचा १६००पैकी १४३०चा आकडा आहे, तो दाखवायचा की झाकायचा?

मी व्यावसायिक सल्लागार नाही. घरातल्या दोन मुलांचे अर्ज भरले आणि मग ओळखीपाळखीत 'त्यांना विचारा' असं नाव झालं, एवढंच. त्यातून एक गोष्ट वारंवार दिसली. आपली घरं कटऑफवर वाढलेली आहेत. अकरावीच्या प्रवेशाची यादी, सीईटीचा पर्सेंटाइल, कॅप राउंड या सगळ्यात आकडा रेषेच्या वर असतो नाही तर खाली. पेढे वाटण्याइतके गुण नसले तर गुण सांगायचेच नाहीत, ही सवय तिथूनच लागते. अमेरिकी कॉलेजाकडे अशी यादी नसते. एक माणूस तुमची फाइल उघडतो आणि तिच्यातून तुम्ही त्याला किती कळता ते बघतो. म्हणून 'माझा स्कोअर चांगला आहे का' असं विचारून फार काही हाती लागत नाही. बाकीच्या फाइलमध्ये जे दिसत नाही ते हा आकडा दाखवतो का, हे विचारावं. पुढचं सगळं त्याच अंगाने वाचा.

पहिलं काम: कॉलेजांची चार ढिगांत विभागणी

एक वही घ्या (एक्सेल आवडत असेल तर एक्सेल) आणि यादीतलं प्रत्येक कॉलेज चारपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग सक्तीचा. एमआयटीने २०२२मध्येच गुण पुन्हा सक्तीचे केले. २०२४मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी तेच जाहीर केलं. कॉर्नेल, स्टॅनफर्ड आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठही आता त्या रांगेत आहेत. सरकारी विद्यापीठांपैकी पर्ड्यू, जॉर्जिया टेक, ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ आणि फ्लोरिडा विद्यापीठ याच ढिगात येतात. इथे द्यायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही, फक्त कुठल्या तारखेचे गुण द्यायचे ते ठरवायचं.

दुसरा ढीग याच्या अगदी उलट: गुण दिले तरी बघणारच नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पदवीचे नऊही कॅम्पस, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे, आणि कॅलिफोर्निया स्टेटची सगळी साखळी प्रवेश देताना सॅट-एसीटी विचारात घेत नाहीत. १५९० आणलेल्या मुलाच्या वडिलांना हे सांगताना फार वाईट वाटतं. पण तिथे तो आकडा खरोखरच कुठे जात नाही. एपीचे गुण मात्र तिथे विचारात घेतले जातात, हे लक्षात ठेवा.

तिसरा ढीग लवचिक नियमाचा. येलने २०२४मध्ये जाहीर केलेला नियम याचं ठळक उदाहरण आहे: सॅट, एसीटी, एपी किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय शाळांतल्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा) यांपैकी काहीतरी द्या. यात एक खाच आहे. एपी किंवा आयबीचा रस्ता धरलात तर अर्जापर्यंत दिलेल्या त्या सगळ्या परीक्षांचे निकाल कळवावे लागतात. चांगले दोन ठेवून तिसरा गाळता येत नाही.

चौथा ढीग ऐच्छिक. यात अजूनही बरीच कॉलेजं आहेत. बोडन कॉलेज तर १९६९पासून ऐच्छिक आहे, म्हणजे ही काही कोरोनातली टूम नव्हे. शिकागो विद्यापीठाने २०१८मध्ये हा रस्ता धरला. आलेले गुण अर्जदाराच्या फायद्याचे असतील तरच विचारात घेऊ, असं ते सांगतं. अशा ठिकाणी लपवाछपवीचा खेळ जवळजवळ संपतोच. बाकीची कॉलेजं इतकं स्पष्ट बोलत नाहीत, आणि आपला सगळा वेळ याच ढिगावर जाणार आहे.

ढीग लावताना तीन ठिकाणी लोक हमखास चुकतात. एक, वर्ष. प्रिन्स्टनने सक्ती परत आणण्याचं जाहीर केलं ते २०२७-२८च्या प्रवेशफेरीपासून. बातमीचा मथळा वाचून एक वर्ष आधीच्या मुलाची धावपळ करू नका, आणि एक वर्ष नंतरच्याने निवांत बसू नका. आपण कुठल्या फेरीत अर्ज करणार, ते आधी कागदावर लिहा. दोन, शाखा. कार्नेगी मेलनसारख्या ठिकाणी एकाच विद्यापीठातल्या वेगवेगळ्या शाखांचे नियम वेगळे आहेत. कॉम्प्युटर सायन्सला जे लागतं ते कलाशाखेला लागेलच असं नाही. तीन, शिष्यवृत्ती. प्रवेशाला ऐच्छिक असलेले गुण त्याच विद्यापीठाच्या एखाद्या शिष्यवृत्तीला लागू शकतात. हे सगळं कॉलेजाच्या स्वतःच्या प्रवेश पानावरच बघायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारी यादी सहसा गेल्या वर्षीची असते.

दुसरं काम: आकडे शोधा, आणि त्यांवर पूर्ण विश्वास ठेवू नका

बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची एक लांबलचक फाइल प्रसिद्ध करतात. कॉलेजाचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडते. त्यातला 'सी' विभाग उघडा. सी-७मध्ये प्रवेशात कशाला किती महत्त्व आहे ते लिहिलेलं असतं. सी-९मध्ये, नव्याने दाखल झालेल्यांपैकी किती टक्क्यांनी सॅटचे गुण कळवले आणि ते गुण काय होते, ते मिळतं. गुण तीन टप्प्यांवर दिलेले असतात: २५वा पर्सेंटाइल, मधला म्हणजे ५०वा, आणि ७५वा. हे एकूण गुणांचेही असतात आणि गणित व इंग्रजीचे वेगवेगळेही.

समजा, एका कॉलेजात हे आकडे १४२०, १४८०, १५३० आहेत. आपल्याकडे लगेच निष्कर्ष निघतो: 'कटऑफ १४२०'. तसं अजिबात नाही. गुण कळवलेल्यांपैकी चौथा हिस्सा मुलं १४२०च्या खालची आहेत आणि ती तिथे शिकतायत.

पण दुसरी बाजूही बघा. ऐच्छिक कॉलेजात कमी गुणवाल्यांनी ते कळवलेलेच नसतात, म्हणून उरलेल्यांचा आकडा फुगतो. दाखल झालेल्या १०० मुलांपैकी ४५ जणांनीच गुण दिले असतील, तर हा १४२० त्या ४५ जणांचा आहे. बाकीच्या ५५ जणांचं काय, ते या तक्त्यात कुठेच नाही. शिवाय खालच्या हिश्शात खेळाडू म्हणून घेतलेली आणि अशाच इतर कारणांनी आलेली मुलंही असतात. पुण्या-नाशिकहून कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणाऱ्या मुलाने त्या खालच्या हिश्शावर फार भिस्त ठेवू नये.

या दोन्ही बाजू सांभाळून मी पुढचा अंदाज वापरते. हा कोणाचा नियम नव्हे, अनुभवाने बसलेला हिशेब आहे.

मधल्या आकड्याच्या वर असाल तर पाठवा, चर्चा नको. २५ आणि ५०च्या मध्ये असाल तर माझा कल पाठवण्याकडे आहे, पण आधी पुढचे दोन भाग वाचा. २५च्या खाली असाल तर सहसा पाठवू नका. अपवाद आहेत, तेही पुढे येतील. गुण कळवणाऱ्यांची टक्केवारीही बघायला विसरू नका. नाव ऐच्छिक, पण ७५-८० टक्के मुलं गुण देतायत, अशा ठिकाणी न दिलेला आकडा जाणवतो. जिथे ३० टक्केच देतात, तिथे तुमच्या गप्प बसण्याचं कोणाला काही वाटत नाही.

'१५००च्या खाली कुठेच पाठवायचं नाही' असा सरसकट फतवा काढणारे सल्लागार भेटतात. आमच्या थोरल्याला अशाच एकाने १४७० झाकायला लावले होते, तेही मधला आकडा १४४० असलेल्या कॉलेजात. फी मात्र पूर्ण घेतली.

डार्टमथने सक्ती परत आणताना आपल्याच प्राध्यापकांच्या अभ्यासाचा आधार दिला होता. कमी साधनसंपत्तीतून आलेल्या अनेक अर्जदारांनी १४००च्या आसपासचे गुण कमी समजून झाकले, आणि ते दाखवले असते तर त्यांचा फायदाच झाला असता, असं त्यात दिसलं. कारण फाइल वाचणारा माणूस आकडा एकटा बघत नाही, मुलगा कुठल्या शाळेतून आणि कुठल्या परिस्थितीतून आलाय त्याच्याशी ताडून बघतो. तालुक्याच्या ठिकाणी मराठी माध्यमात दहावी करून, मग अकरावीला इंग्रजीत विज्ञान शिकलेल्या मुलीचे १४०० आणि आंतरराष्ट्रीय शाळेत पहिलीपासून शिकलेल्या मुलाचे १४०० हे एकच गुण नव्हेत. अट इतकीच, की ती परिस्थिती अर्जात कुठेतरी दिसली पाहिजे. शाळेच्या माहितीपत्रकात, शिक्षकांच्या पत्रात किंवा 'अधिक माहिती'च्या रकान्यात दोन साध्या ओळींत लिहा. रडगाणं नको, नुसती माहिती.

तिसरं काम: एकूण आकडा फोडा

सॅट आता संगणकावर होते. भारतात आणि इतर देशांत मार्च २०२३पासून, अमेरिकेत मार्च २०२४पासून. दोन तास १४ मिनिटं, दोन भाग: वाचन-लेखन ८०० आणि गणित ८००. प्रत्येक भागाचे दोन टप्पे असतात आणि पहिल्या टप्प्यात कसं केलं त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. गणितासाठी पडद्यावरच डेस्मॉस कॅल्क्युलेटर मिळतो.

आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेत एक चेहरा वारंवार दिसतो: गणित ७८०, वाचन-लेखन ६५०, एकूण १४३०. दुसरा चेहरा कमी दिसतो: वाचन-लेखन ७४०, गणित ६९०. बेरीज तीच. पण इंजिनिअरिंगसाठी पहिला चेहरा बराच बरा, आणि इतिहास किंवा अर्थशास्त्र-साहित्य अशा जोडीसाठी दुसरा. म्हणून सी-९मधले दोन भागांचे वेगवेगळे आकडे घ्या आणि ज्या विषयाला जायचं त्याच्याशी संबंधित भाग आधी तपासा.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एक कडू गोष्ट. एमआयटीसारख्या ठिकाणी गणिताचा २५वा पर्सेंटाइलच ७८०च्या आसपास असतो. भारतातून येणाऱ्या कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रिकलच्या अर्जात ८०० बघून कोणी उडी मारत नाही. ७२० मात्र नजरेत भरतो, आणि चांगल्या अर्थाने नाही. म्हणून गणित ७२०, वाचन-लेखन ७५० असलेल्या मुलाने इंजिनिअरिंगच्या वरच्या कॉलेजांसाठी पुन्हा परीक्षा द्यावी, आणि तोवर ऐच्छिक ठिकाणी हात राखून ठेवावा. एकूण १४७० दिसायला छान आहे म्हणून तो पाठवू नये.

उलट, वाचन-लेखन ६५० पाहून आईबाप जितके घाबरतात तितकं घाबरायचं कारण नाही. टोफेल, आयईएल्टीएस किंवा ड्युओलिंगो या इंग्रजीच्या परीक्षांचे चांगले गुण आणि स्वतःच्या भाषेत लिहिलेला निबंध असेल, तर ६५० सावरले जातात. पण निबंध भलत्याच गुळगुळीत इंग्रजीत असेल आणि वाचन-लेखनाचे गुण ५६०, तर वाचणारा भुवया उंचावतो. हे दोन कागद एकमेकांशी बोलतात, हे निबंध 'तपासून' देणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं.

बऱ्याच कॉलेजांत सुपरस्कोअर चालतो, म्हणजे ऑगस्टचं गणित आणि ऑक्टोबरचं वाचन-लेखन जोडून नवी बेरीज करतात. काही कॉलेजं मात्र दिलेल्या सगळ्या तारखांचे गुण मागतात. तोही एक रकाना वहीत असू द्या.

चौथं काम: शेजारी मार्कलिस्ट ठेवा

माझ्या मते निर्णय खरा इथे होतो, आणि इथेच आपण सगळ्यात कमी वेळ देतो.

अमेरिकी कॉलेज नववी ते बारावी अशी चार वर्षं मागतं. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलाकडे काय असतं? नववी शाळेची. दहावी बोर्डाची, बेस्ट ऑफ फाइव्ह धरून. अकरावी कॉलेजची. आणि बारावीचा निकाल लागतो मेमध्ये किंवा त्याच्या आगेमागे, तर अमेरिकेतले बहुतेक निर्णय मार्चअखेर झालेले असतात. म्हणजे बारावीचा खरा आकडा त्यांच्या हातात वेळेत पडतच नाही. कनिष्ठ महाविद्यालयाने दिलेला अंदाज पडतो, आणि अंदाज सगळ्यांचेच उदार असतात.

मधली अकरावी बघा. इंटिग्रेटेड कॉलेजात नाव घालून दिवसभर जेईईच्या क्लासला बसणाऱ्या मुलाची अकरावी कशी असते, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. परीक्षा उरकायची म्हणून दिलेली, ७१ टक्के, भाषेच्या विषयात त्याहून कमी. इथे त्याचं कोणाला काही वाटत नाही, कारण पुढे सगळं जेईई किंवा सीईटीवर ठरतं. पण अमेरिकेतल्या वाचकासाठी ती अकरावी हाच सगळ्यात ताजा पूर्ण वर्षाचा पुरावा असतो. त्याला दिसतं: दहावी ९५, अकरावी ७१. मुलगा घसरला. अशा फाइलमध्ये सॅटचे १४९० हे अंधाऱ्या खोलीतलं खिडकीचं दार आहे. कॉलेजाचा मधला आकडा १५१० असला तरीही पाठवा. तुलना मधल्या आकड्याशी नाही, तुमच्या अकरावीशी आहे.

आता दुसरी मुलगी. आयसीएसई, दहावी ९७, अकरावी ९५, शिक्षकांची पत्रं भरभरून, एक छोटा पण खरा संशोधन-प्रकल्प. सॅट १३८०, कॉलेजाचा २५वा पर्सेंटाइल १४४०. हिची फाइल आधीच पूर्ण बोलतेय. १३८० तिच्यात भर घालत नाही, उगाच शंका घालतो. झाका आणि निवांत झोपा.

या दोघांमधली अवस्था सगळ्यात जास्त मुलांची असते: अकरावी ८४, सॅट १४३०, कॉलेजाचे आकडे १४१०-१४७०-१५२०. इथे मी विचारते, अकरावीची गुणपत्रिका बघून अनोळखी माणूस या मुलाला किती सॅट देईल? १३५० देईल असं वाटलं, तर १४३० पाठवा, कारण आकडा अपेक्षेच्या वर आहे. १५०० देईल असं वाटलं, तर राहू द्या. हा प्रश्न आईबापांनी नव्हे, मुलाला फारसं न ओळखणाऱ्या एखाद्या मास्तरांनी सोडवावा. आपल्याला आपलं मूल सोळा आणे दिसतं.

टक्केवारीबद्दल आणखी एक. बोर्डाबोर्डांतल्या टक्क्यांचा फरक भारताच्या फाइली वाचणाऱ्यांना साधारण माहीत असतो, पण तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची स्थिती माहीत नसते. ८४ टक्के म्हणजे वर्गात पहिल्या दहात की मधे, हे शाळेच्या माहितीपत्रकात आलं पाहिजे. बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांकडे असं पत्रकच नसतं. ऑफिसात जाऊन, गोड बोलून, एक पानाचा मजकूर त्यांच्या लेटरहेडवर करून घ्या. जून-जुलैत हे काम सोपं असतं. दिवाळीच्या सुट्टीत क्लार्क सापडत नाही.

एपी: जुन्या सब्जेक्ट टेस्टची आजची जागा

गणितात किंवा भौतिकशास्त्रात मी किती पाण्यात आहे, हे वेगळं दाखवण्यासाठी आता एपी परीक्षा उरल्या आहेत. गुण १ ते ५, परीक्षा मेमध्ये, निकाल जुलैत. म्हणजे उपयोगाची एपी ती अकरावी संपतानाच्या मेमधली. बारावीनंतरच्या मेमधली एपी प्रवेशाला उशिरा येते. पुढे कॉलेजात क्रेडिट मिळायला उपयोगी पडली तर पडली. नोंदणी मात्र परीक्षेच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या आसपास उरकावी लागते. आपल्या शाळेत एपी नसेल तर बाहेरचे विद्यार्थी घेणारं केंद्र शोधावं लागतं, आणि तिथल्या जागा मोजक्याच असतात.

५ आले तर दाखवा. ४ आले तर बहुतेक ठिकाणी दाखवा. ३ ही खरी अडचण. मानव्यशाखेत जाणाऱ्या मुलीचे कॅल्क्युलसमधले ३ चालून जातील. इंजिनिअरिंगवाल्याचे ३ नकोत, कारण कॅल्क्युलस बीसीमध्ये (एपीमधल्या कॅल्क्युलसच्या वरच्या परीक्षेत) ५ मिळवणारेच ४० टक्क्यांहून जास्त असतात, आणि त्या गर्दीत ३ फार खाली दिसतात. १ आणि २ विसरून जा (एपीच्या रस्त्याने येलसारख्या ठिकाणी जायचं असेल तर मात्र सगळे निकाल कळवावे लागतात). खाजगीरीत्या परीक्षा दिली असेल तर न सांगितलेला निकाल सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शाळेच्या गुणपत्रिकेतच एपीचा विषय छापलेला असेल, तर मात्र गाळलेला निकाल दिसतो.

बीसी देणाऱ्यांना एक इशारा: बारावीच्या गणिताच्या जोरावर अर्धं होतं, पण अनंत श्रेणी आणि टेलर मालिका हा भाग आपल्या बोर्डात बीसीला पुरेल इतका नाही. तो वेगळा बसून करावा लागतो.

पैशाचा प्रश्न असेल तर

आर्थिक मदत मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज बऱ्याच कॉलेजांत जास्त कडक नजरेने वाचला जातो. मदत मागितली म्हणून प्रवेशात फरक पडत नाही असं सांगणारी कॉलेजं मोजकीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अॅमहर्स्ट अशी. बाकी ठिकाणी तुम्ही कॉलेजाच्या खिशाला किती भारी पडता तेही बघितलं जातं. म्हणून मोठी मदत मागताय आणि गुण मधल्या आकड्याच्या वर आहेत, तर ते न पाठवणं म्हणजे हातातलं नाणं खिशातच ठेवणं. गुणांच्या तक्त्यावर शिष्यवृत्ती ठरवणाऱ्या विद्यापीठांत तर कधीकधी ३०-४० गुणांनी वर्षाच्या फीमध्ये मोठा फरक पडतो. पुन्हा परीक्षा द्यायची की नाही, हे तिथल्या तक्त्यावर बोट ठेवून ठरवा.

शेवटची कामं, आणि तिथे होणारे घोटाळे

सॅटच्या नोंदणीबरोबर चार कॉलेजांना फुकट गुण पाठवायची सोय मिळते, पण परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंतच. निकाल येतो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे फुकटच्या मोहात तुम्ही न पाहिलेले गुण पाठवता. ऐच्छिक कॉलेजांसाठी ही सोय वापरू नका. पैसे वाचवायचेच असतील तर सक्तीच्या ढिगातली नावं घाला.

बहुतेक कॉलेजांना अर्ज करताना अधिकृत गुणपत्रिका लागत नाही, तुम्ही स्वतः भरलेले गुण चालतात. कॉमन अॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाइटवर, ते दोन ठिकाणी विचारले जातात. एकदा सगळ्यांसाठी सामाईक असलेल्या परीक्षा विभागात, आणि पुन्हा प्रत्येक कॉलेजाच्या स्वतंत्र प्रश्नांत: 'गुण विचारात घ्यावेत का?' पहिल्या ठिकाणी १४३० भरून दुसऱ्या ठिकाणी 'नको' म्हटलं, की अर्ज स्वतःशीच भांडतो. त्यातून सुटायला ज्या कॉलेजांना गुण द्यायचेत त्यांचे अर्ज आधी एकगठ्ठा पाठवा. मग सामाईक विभागातून गुण काढा आणि उरलेले अर्ज पाठवा. दर वेळी पाठवण्याआधी अर्जाची पीडीएफ उघडून शेवटपर्यंत वाचा.

गुण झाकायचे ठरवले तर ते पूर्ण झाकले गेलेत का, हेही बघा. मी पाहिलेल्या एका अर्जात मुलीने सॅटचे गुण दाखवले नव्हते, पण प्राचार्यांच्या शिफारसपत्रात मोठ्या कौतुकाने 'सॅटमध्ये १३९० गुण मिळवले' असं लिहिलेलं होतं. पत्र लिहिणाऱ्या सरांना-बाईंना आधीच सांगा. शाळेच्या माहितीपत्रकात, जोडलेल्या रेझ्युमेत आणि पुरस्कारांच्या यादीतही आकडा राहून जातो.

तारखांचं गणित उलटं मांडा. लवकरचे अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरला, नेहमीचे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे बरोबर प्रीलिमच्या तोंडावर. म्हणून लवकरच्या अर्जासाठी ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या सॅट, आणि नेहमीच्या अर्जासाठी फार तर डिसेंबरची. तिसऱ्या प्रयत्नानंतर आकडा फारसा हलत नसेल तर तो तुमचा आकडा आहे असं समजा आणि निबंधाकडे वळा. गुण न देता अर्ज केला आणि मग डिसेंबरला चांगले आले, तर कॉलेजाला ईमेल करून विचारा. काही ठिकाणी ठरावीक तारखेपर्यंत निर्णय बदलता येतो.

प्रवेश मिळून जागा नक्की केल्यावर, अर्जात भरलेले गुण अधिकृतपणे कॉलेज बोर्डाकडून पाठवावे लागतात. भरलेला आणि आलेला आकडा जुळला नाही तर मिळालेला प्रवेश काढून घेता येतो, मग ती टायपिंगची चूक असली तरी. म्हणून गुण भरताना कॉलेज बोर्डाच्या खात्यातलं पान शेजारी उघडं ठेवा, आणि वाचन-लेखनाच्या रकान्यात गणिताचे गुण पडले नाहीत ना, हे दुसऱ्या कोणाकडून तरी एकदा बघून घ्या.